शैलेन मन्ना : बिनपगारी कर्णधार

(हावडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रणप्रत)



विषय निवडायची मोकळीक तुम्ही मला दिलीत. समोर निम्मी मंडळी रेल्वेतली दिसताहेत. नागपूर, बिलासपूर, खरगपूर असा मुक्काम करत करत कुणाचे आजोबा, कुणाचे वडील या गावात आले आणि इथलेच झाले. उरलेले निम्मे तुमचे बंगाली शेजारी. अशा सभेत मुंबई-पुण्याहून एखादा थोर पुरुष बरोबर घेऊन येण्यापेक्षा तुमच्याच गावच्या माणसाबद्दल बोलावं, असं मी ठरवलं. मैदानात सगळे त्यांना मन्नादा म्हणत. पूर्ण नाव शैलेंद्रनाथ मन्ना. जन्म १ सप्टेंबर १९२४, ब्यांटरा, हावडा. मृत्यू २७ फेब्रुवारी २०१२, कोलकाता.

त्यांच्याबद्दल कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास कानावर येतात. एक, हा माणूस अनवाणी खेळला. दुसरी, क्लबकडून पगार न घेता खेळला. या दोन्ही गोष्टी कौतुकानं सांगितल्या जातात, आणि कौतुक करून झालं की विषय संपतो. मला आज तो तिथं संपू द्यायचा नाही. विशेषतः दुसरी गोष्ट. पगार न घेता एकोणीस वर्षं खेळायचं म्हणजे काय करायचं? घर कशावर चालतं? आणि ज्यांनी पगार घेतला त्यांना आपण कसं वागवलं? मन्नांच्या आयुष्याकडे मी या प्रश्नांच्या बाजूनं पाहत आलो आहे.

आधी हावडा. हुगळीच्या या काठावर तागाच्या गिरण्या, लोखंडाच्या फाउंड्र्या, रेल्वेचे कारखाने. इंग्रज या गावाला पूर्वेकडचं शेफील्ड म्हणत. पलीकडच्या काठावर व्यापार, कचेऱ्या, कॉलेजं आणि मैदान. फुटबॉलचं खरं राज्य तिकडे होतं. हावड्याच्या मुलाला नाव कमवायचं तर नदी ओलांडावी लागे. मन्नांची सुरुवात झाली हावडा युनियन या क्लबातून. तो तेव्हा कलकत्ता लीगच्या दुसऱ्या विभागात खेळत असे. तिथून १९४२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मोहन बागानमध्ये गेले आणि १९६० पर्यंत दुसरा क्लब त्यांनी केला नाही.

१९४२ हे वर्ष किती वाईट होतं, हे इथल्या जुन्या घरांना ठाऊक आहे. युद्ध दाराशी आलेलं. त्या डिसेंबरात जपानी विमानांनी कलकत्त्यावर बॉम्ब टाकले. नदीवर अजून १८७४ सालचा, होड्यांवर तरंगणारा जुना पूलच वापरात होता. शेजारी नव्या पुलाचं पोलादी काम पुरं होत आलं होतं. तो पूल फेब्रुवारी १९४३ मध्ये कसलाही समारंभ न करता वाहतुकीला खुला झाला. त्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अन्नावाचून मेली. याच १९४३ मध्ये आणि नंतर १९४४ मध्ये मोहन बागाननं लीग जिंकली. अशा काळात माणसं फुटबॉल पाहायला कशी जात होती, असा प्रश्न पडतो. मला वाटतं, ती जात होती म्हणूनच त्या काळातल्या खेळाडूंची नावं कलकत्त्याच्या मनात इतकी खोल रुतली.

आता खेळाकडे येऊ. मन्ना लेफ्ट बॅक. त्या काळी संघाची मांडणी आजच्यासारखी नव्हती. गोलरक्षकासमोर फक्त दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ, आणि सगळ्यात पुढे पाच फॉरवर्ड. पाच जण अंगावर धावून येणार आणि मागे दोघेच. चुकलं तर सावरायला तिसरा नाही. त्यामुळे बॅक म्हणजे धिप्पाड, दणकट, माणूस आडवा करणारा, अशीच समजूत होती. मन्ना त्यात बसत नव्हते. ते उतावीळपणे झेपावत नसत. समोरचा चेंडू पायापासून किंचित दूर सोडेपर्यंत थांबत आणि मग चेंडूच काढून घेत. त्यांची लांब किक आणि फ्री किक कलकत्त्यात प्रसिद्ध होती. आणि हे सगळं बुटाशिवाय.

अनवाणी खेळणं म्हणजे नेमकं काय, ते थोडं जवळून पाहू. घोट्याला घट्ट पट्टी किंवा अँकलेट बांधलेलं असे. बोटं आणि चवडा उघडा. चेंडू चामड्याचा. आतली रबरी पिशवी फुगवून वरून वादीनं शिवण आवळलेली, आणि ती वादी डोक्याला किंवा पावलाला लागली की सोलवटून काढणारी. कलकत्त्याचा फुटबॉल हंगाम मुख्यतः पावसाळ्यातला. पाऊस पडला की चामडं पाणी पिऊन जड व्हायचं. तो चेंडू उघड्या पावलाच्या वरच्या, हाडाच्या भागानं साठ-सत्तर यार्ड लांब मारायचा. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळाडूचा फायदा होई. चेंडू पायाला कळे, वळताना पाय हलका असे, पासची लांबी हवी तेवढी ठेवता येई. पण चिखल झाला की तोच खेळाडू घसरे आणि बुटातले गोरे पलटणवाले उभे राहत. म्हणून कलकत्त्यात कितीतरी वर्षं ढग पाहून सामन्याचा अंदाज बांधत. १९११ मध्ये मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड घेतली, तेव्हा अकरांपैकी एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत बूट होते. मन्ना त्या परंपरेच्या शेवटच्या पिढीतले.

शील्डचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९११ नंतर मोहन बागानला ती पुन्हा मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं. आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, दंग्यांमुळे स्पर्धाच झाली नव्हती. छत्तीस वर्षांनी ती ढाल घरी आली तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि बंगालचे दोन तुकडे झाले होते. अंतिम सामन्यात समोर होता ईस्ट बंगाल. त्या क्लबाचे पाठीराखे म्हणजे मुख्यतः पूर्वेकडून आलेली, येत असलेली माणसं. त्या सामन्याला काय वजन असेल, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मोहन बागान १-० नं जिंकला.

त्या संघात मन्नांच्या जोडीला नागा टेकड्यांतून आलेले डॉक्टरीचे विद्यार्थी होते, तालिमेरेन आओ. पाद्री वडिलांची इच्छा होती म्हणून वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याला आलेला हा तरुण मोहन बागानचा कर्णधार झाला, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा कर्णधार आणि ध्वजधारक झाला. मग त्यांनी डॉक्टरी पुरी केली, खेळ बाजूला ठेवला आणि नागा मुलखात परत जाऊन रुग्णसेवेत आयुष्य घालवलं. हे लक्षात ठेवा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल कर्णधाराला फुटबॉल हे आयुष्य वाटलं नाही, कारण ते आयुष्य होऊच शकत नव्हतं. त्यावर घर चालत नव्हतं.

३१ जुलै १९४८. लंडनच्या पूर्वेला इलफर्ड, क्रिकलफील्डचं मैदान. समोर फ्रान्स. स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक फुटबॉल सामना. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. तिथले वार्ताहर अचंब्यानं आओंना विचारायचे, बूट का घालत नाही. आणि आओ उत्तर द्यायचे, आमचा खेळ फुटबॉल आहे, तुमचा बूटबॉल. पहिला गोल फ्रान्सचा. सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामननं बरोबरी साधली. स्वतंत्र भारताचा ऑलिंपिक फुटबॉलमधला हा पहिला गोल. आणि शेवटच्या मिनिटाच्या आसपास पर्सियोननं फ्रान्ससाठी दुसरा गोल केला. आपण १-२ असे हरलो.

हे सगळं खरं असलं तरी त्या सामन्याचा खरा हिशेब वेगळा आहे. भारताला त्या दिवशी दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. एक महावीर प्रसादनं मारली होती. दुसरी शैलेन मन्नांनी.

ज्याच्या किकवर कलकत्ता डोळे मिटून भरवसा ठेवत असे, त्याची पेनल्टी चुकली. बारा यार्डांवर चेंडू ठेवलेला, समोर एकटा गोलरक्षक, आणि पाठीमागे वर्षभरापूर्वी स्वतंत्र झालेला देश. त्या संघाला कुणी दोष दिला नाही. उलट कौतुकच झालं. राजवाड्यात खेळाडूंचं स्वागत झालं तेव्हा खुद्द राजे सहाव्या जॉर्जनी मन्नांच्या पँटचा पाय वर करून ते पाय खरोखर पोलादाचे आहेत का ते पाहिलं, अशी एक गोष्ट मैदानात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोष्ट छानच आहे. पण मला ती सांगताना अवघडल्यासारखं होतं. पाहुण्याचे पाय तपासायचे ही कौतुकाची पद्धत साहेबाची, आणि आपण ती प्रशस्तिपत्रासारखी मिरवत आलो. त्यापेक्षा मला चुकलेली पेनल्टी जवळची वाटते. त्या क्षणी मन्ना दंतकथेतले नव्हते. तेवीस वर्षांचा, कचेरीतून रजा काढून आलेल्या माणसांच्या पिढीतला एक बॅक होते.

रजा हा शब्द आला. मग पैशाबद्दल बोलूच.

मन्नांचं पोट चाललं ते जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या नोकरीवर. हे खातं १८५१ सालचं, देशातल्या सगळ्यात जुन्या सरकारी खात्यांपैकी. त्याचं मुख्यालय चौरंगीवर, भारतीय संग्रहालयाला लागून. रस्ता ओलांडला की समोर मैदान. कलकत्त्याच्या खेळाडूंच्या कितीतरी पिढ्यांचं आयुष्य याच दोन काठांमध्ये गेलं: एका बाजूला हजेरीपट, दुसऱ्या बाजूला क्लबाचा तंबू. कुणी कस्टम्समध्ये, कुणी पोर्टात, कुणी रेल्वेत. क्लब खेळवायचा, पण घर चालवायची कचेरी.

याचं कारण नुसता साधेपणा नव्हता. ऑलिंपिकचा त्या वेळचा नियमच होता की खेळाबद्दल पैसे घेणाऱ्याला स्पर्धेत जागा नाही. ज्याला देशासाठी लंडनला, हेलसिंकीला जायचं, त्याला उघडपणे व्यावसायिक होताच येत नव्हतं. आणि हा नियम काही देवानं सांगितलेला नव्हता. तो इंग्लंडातल्या, ज्यांच्या घरी जमिनीचं उत्पन्न येत होतं अशा माणसांनी केला होता. तिकडच्या क्रिकेटमध्ये पैसे न घेणारे ते जंटलमन आणि पैसे घेणारे ते प्लेयर्स. एकाच संघातल्या या दोघांची मैदानात उतरायची फाटकं वेगळी असत. १९६२ पर्यंत ही विभागणी चालली. फुटबॉलमध्ये तिथं १८८५ सालीच पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली, तरीही १९६१ पर्यंत पगाराला वरची मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड. स्टेडियम भरून गर्दी जमवणाऱ्या खेळाडूलाही त्यापुढे काही मागायची सोय नव्हती.

याच्या अगदी उलट गोष्ट घडली अमेरिकेत. शेफील्डमध्ये जन्मलेला हॅरी राइट नावाचा माणूस, वडील क्रिकेटचे पगारी खेळाडू, लहानपणीच कुटुंबासह न्यूयॉर्कला गेला. तिथं तो क्रिकेट सोडून बेसबॉलकडे वळला आणि १८६९ मध्ये त्यानं सिनसिनाटीत पहिला उघडपणे पगारी बेसबॉल संघ उभा केला. संघातला प्रत्येक खेळाडू पगारावर, आणि पगार लपवलेला नाही. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉपवर खेळे. त्याला हंगामाचे १,४०० डॉलर, खुद्द हॅरीला १,२००. लोकांनी नाकं मुरडली, पण त्या संघानं ते वर्ष एकही सामना न हरता पार पाडलं. खेळ हा धंदा असू शकतो आणि धंद्यातही सचोटी असू शकते, हे त्या भावांनी दाखवून दिलं. त्या खऱ्या शेफील्डच्या माणसाला जे १८६९ मध्ये करता आलं, ते पूर्वेकडच्या शेफील्डातल्या माणसाला पाऊणशे वर्षांनीही करता येत नव्हतं.

आपल्याकडे पगारी खेळाडू नव्हतेच असं नाही, आणि इथं मला महाराष्ट्रातल्या एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. पळवणकर बाळू. जन्म १८७६. पुण्यात पारशी क्रिकेटपटूंकडे महिना तीन रुपयांवर मैदान झाडायचं आणि खेळपट्टी दाबायची नोकरी. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथं नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा त्या काळचा उत्तम फलंदाज सरावासाठी बाळूलाच बोलवायचा. आपल्याला बाद केलं की दरवेळी आठ आणे द्यायचा, अशी हकिकत आहे. बॅट मात्र हातात द्यायचे नाहीत. हा डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदूंच्या संघाला हवा होता, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. पण जातीनं चांभार म्हणून चहाच्या वेळी तो तंबूबाहेर उभा, आणि त्याला चहा मातीच्या भांड्यात, म्हणजे पिऊन झाल्यावर फोडून टाकता यावं म्हणून. १९११ मध्ये भारताचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा या माणसानं तिथं ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही बराच झगडा झाल्यावर.

बाळू आणि मन्ना यांच्यात पन्नास वर्षांचं अंतर, दोघांचे खेळ वेगळे, प्रांत वेगळे. तरी मी दोघांना शेजारी बसवतो ते यासाठी, की आपण पैशावरून खेळाडूची किंमत कशी ठरवली ते त्यातून उघड दिसतं. बाळूनं पैसे घेतले, कारण खेळाच्या मैदानात शिरायला त्याला दुसरी वाटच नव्हती. झाडू हातात घेऊनच तो आत जाऊ शकत होता. आणि ते पैसे त्याच्या कमीपणाची खूण ठरले. मन्नांनी पैसे घेतले नाहीत, आणि तो त्यांचा मोठेपणा ठरला. दोघांच्याही घामावर गर्दी जमली. दोघांच्याही बाबतीत गर्दीचं उत्पन्न दुसऱ्याच कुणाकडे गेलं.

म्हणून मन्नांच्या त्यागाचे गोडवे गाताना मी जरा थांबतो. त्यांना स्वतःला आपल्या हौशीपणाचा अभिमान होता, आणि तो त्यांचा हक्क होता. त्यात मला काडीचीही खोट काढायची नाही. एकोणीस वर्षं एकाच क्लबाची जर्सी घालून, कुणाकडे हात न पसरता ताठ मानेनं जगणं ही सोपी गोष्ट नाही. पण आपण जेव्हा त्या अभिमानाचा आदर्श करून पुढच्या पिढीसमोर ठेवतो आणि पैसे मागणाऱ्या पोराला लोभी म्हणतो, तेव्हा आपण त्यांचं नाव चुकीच्या कामाला जुंपतो. मन्नांना फुकट खेळता आलं, कारण एका सरकारी खात्यानं त्यांना सांभाळलं. ज्यांना असं खातं मिळालं नाही, ते खेळाडू आपल्याला माहीतही नाहीत. ते पंचविसाव्या वर्षी गिरणीत लागले.

आता कर्णधार मन्ना. १९५१ चा मार्च, दिल्ली, पहिल्या आशियाई स्पर्धा. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. भारतानं इंडोनेशियाला ३-० नं हरवलं, अफगाणिस्तानलाही ३-० नं, आणि अंतिम सामन्यात इराणला १-० नं. गोल साहू मेवालालचा. पंडित नेहरू सामना पाहायला हजर होते. तिन्ही सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, हे त्या बॅकचं आणि त्याच्या साथीदारांचं प्रमाणपत्र. भारतीय फुटबॉलचं हे पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय विजेतेपद, आणि कप्तान ब्यांटऱ्याचा.

त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट मात्र मला फार सलते. १९५० च्या विश्वचषकासाठी ब्राझीलमध्ये भारताला जागा मिळाली होती, कारण पात्रता गटातले बाकीचे देश बाहेर पडले होते. गटही ठरला: इटली, स्वीडन, पराग्वे. आणि आपण गेलोच नाही. पुढे सगळ्या जगात कहाणी पसरली की फिफानं अनवाणी खेळायला बंदी केली म्हणून भारतानं नकार दिला. आजही परदेशी प्रकाशनांत ती छापून येते. भारतीय फुटबॉल महासंघानं त्या वेळी कारण दिलं होतं संघनिवडीवरच्या मतभेदाचं आणि सरावाला वेळ नसल्याचं. आणि ज्यानं त्या संघाचं नेतृत्व केलं असतं, त्या मन्नांनी म्हातारपणी मुलाखतींत स्पष्ट सांगितलं की बुटांचा त्यात संबंध नव्हता. आम्हाला विश्वचषक म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं, आमच्या दृष्टीनं ऑलिंपिकपेक्षा मोठं काही नव्हतं, माहीत असतं तर आम्हीच पुढाकार घेतला असता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. हौशीपणाच्या नियमानं त्यांच्यासमोर ऑलिंपिक हाच एक डोंगर ठेवला होता. व्यावसायिकांच्या जगात सगळ्यात मोठी स्पर्धा कोणती, याची खबर त्यांच्यापर्यंत पोचवावी असं महासंघात कुणाला वाटलं नाही. पगारी खेळाडूंची संघटना असती, तर तिनं ही खबर खेळाडूंपर्यंत पोचवली असती, असं मला ठामपणे वाटतं.

१९५२ मध्ये हेलसिंकी. कर्णधार मन्नाच. १५ जुलै, समोर युगोस्लाव्हिया. उत्तरेकडची थंडी, थंड गवत, आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. निकाल १-१०. एकट्या झेबेकनं चार गोल केले. आपला एकमेव गोल शेवटच्या मिनिटांत अहमद खाननं केला. तो युगोस्लाव्ह संघ पुढे अंतिम फेरीपर्यंत गेला आणि पुस्कासच्या हंगेरीकडून हरला, म्हणजे आपण कुणा ऐऱ्यागैऱ्याकडून हरलो नव्हतो. पण दहा गोल ते दहाच. त्यानंतर महासंघानं बूट सक्तीचे केले. उघड्या पावलांचं युग त्या दिवशी संपलं, आणि ते मन्नांच्याच कर्णधारपदाखाली संपलं. याचं त्यांना दुःख झालं असेल की सुटल्यासारखं वाटलं असेल, कोण जाणे. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या वार्षिकात जगातल्या दहा उत्तम कर्णधारांत त्यांचं नाव आलं. दहा गोल खाऊनही ते आलं. म्हणजे ज्यांनी नाव घातलं त्यांना निकालापलीकडचं काहीतरी दिसलं होतं.

क्लबात १९५० ते १९५५ अशी सलग वर्षं ते कर्णधार होते. १९५३ मध्ये मोहन बागाननं पहिल्यांदा ड्युरँड कप जिंकला. १९५४ मध्ये लीग आणि शील्ड एकाच वर्षी घेतली. आणि १९५५ मध्ये मुंबईला जाऊन रोव्हर्स कप आणला. रोव्हर्स म्हणजे कूपरेजचं मैदान. आमच्याकडच्या फुटबॉलवेड्या माणसांनी मन्ना प्रत्यक्ष पाहिले ते तिथं. गिरणगावातून, डोंगरीतून, वांद्र्याहून माणसं चालत यायची आणि कलकत्त्याच्या संघांचा खेळ डोळ्यांत साठवून घ्यायची.

१९६० मध्ये ते थांबले. १९७१ मध्ये पद्मश्री. २००० मध्ये महासंघानं सहस्रकातला भारतीय फुटबॉलपटू म्हणून गौरवलं, २००१ मध्ये मोहन बागाननं आपला रत्न पुरस्कार दिला. हावडा महापालिकेच्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे. हे सगळं झालं ते चांगलंच झालं.

त्यांच्यानंतर हावड्याची आणखी एक मोठी देणगी म्हणजे बालीचे समर बॅनर्जी, अर्थात बद्रू. जन्म १९३०. आर. जी. कर मेडिकल कॉलेजात शिकत होते. आओंनी डॉक्टरीसाठी फुटबॉल सोडला. बद्रूंनी फुटबॉलसाठी डॉक्टरी सोडली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते, आणि तिथं भारत चौथा आला. आजतागायत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आपण त्यापुढे गेलेलो नाही. ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवताना तीन गोल मारले ते नेव्हिल डिसूझानं. गोव्यातल्या आसगावचा हा पोरगा मुंबईत टाटांच्या आणि कॅल्टेक्सच्या संघांतून खेळे. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेत. गोलरक्षक थंगराज सैन्यात. त्या संघाची यादी काढा आणि प्रत्येकापुढे त्याचा पगार कोण देत होतं ते लिहा. क्लबांची नावं थोडी सापडतील, खात्यांची आणि कंपन्यांची जास्त. १९५८ मध्ये तर ईस्टर्न रेल्वेनं मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन या तिघांनाही मागे टाकून कलकत्ता लीगच जिंकली. रेल्वेनं आपल्या खेळाडूंना नोकरी दिली, सरावाला वेळ दिला, निवृत्तीनंतर पेन्शन दिलं. माझ्या मते भारतातलं पहिलं व्यावसायिक फुटबॉल तेच होतं. फक्त त्याला तसं कुणी म्हटलं नाही. देशपातळीवरची लीग यायलाही १९९६ साल उजाडावं लागलं.

या सभागृहात रेल्वेच्या मैदानावर खेळलेले लोक बसलेले आहेत, हे मला चहाच्या वेळी कळलं. ब्यांटऱ्याची मंडळीही आहेत, आणि मन्नादांना प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीतरी त्यांच्यात असणार. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. तो वेळ प्रश्नांना देण्यापेक्षा त्यांना द्यावा, अशी माझी विनंती आहे. पगार किती होता, रजा कशी मिळायची, दुखापत झाली तर औषधाचे पैसे कुणी भरायचे, हे त्यांनी सांगावं. मंडळानं ते ध्वनिमुद्रित करून ठेवायचं कबूल केलं आहे.